नवजात बाळाचा कान



व्याख्यानाचा विषय कळवा असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा मी 'नवजात बाळाचा कान' एवढे तीन शब्द लिहून दिले. दुसऱ्या दिवशी चिटणीस स्वतःच दवाखान्यात हजर झाले. म्हणाले, "डॉक्टर, विषय उत्तम आहे, पण तासभर पुरेल ना? आदल्या दिवशी अर्थनीती, नंतरच्या दिवशी ज्ञानेश्वरी, आणि मधे आपला कान!" मी त्यांना विचारले, "घरात बाळ जन्मले की माणसे त्याचे काय काय पाहतात, सांगा बघू." ते म्हणाले, "रंग, नाक, जावळ, आणि कुणाच्या वळणावर गेले ते." एवढ्यावर त्यांची यादी संपली. कान तिच्यात नव्हता. म्हणूनच मी आज हा विषय घेऊन उभा आहे.

वास्तविक, कानाशी आपल्या भाषेची सलगी मोठी. आपण कान टवकारतो, कान उपटतो, दुसऱ्याचे कान फुंकतो, कानाला खडा लावतो. लग्नात वधूच्या भावाने नवरदेवाचा कान पिळला नाही तर करमत नाही. पण ह्या कानाला जी वळणे आहेत त्यांची नावे विचारली तर आपण गप्प बसतो. सुदैवाने जे वैद्यांनी शिकवले नाही ते सोनाराने शिकवले आहे. कुडी घालतात ती खालची मऊ पाळी. बुगडी घालतात तो वरचा काठ. पुरुष भिकबाळी घालतात ती जागाही तिथेच, वरच्या अंगाला. त्या काठाच्या आत दुसरी एक कड असते. ती वर जाताना तिला दोन फाटे फुटतात. आणि भोकाच्या पुढे, गालाच्या बाजूला, बोटाने दाबला की भोक बंद होते असा एक छोटा उंचवटा असतो. एवढा भूगोल आजच्या संध्याकाळला पुरे आहे.

आता हा कान होतो कसा ते पाहू. गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असताना, जिथे पुढे जबडा आणि मान व्हायची असते तिथे, दोन्ही बाजूंना सहा-सहा बारीक उंचवटे उठतात. विल्हेल्म हिस ह्या शरीररचनाशास्त्रज्ञाने १८८५ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात. हे सहा उंचवटे वाढतात, एकमेकांत मिसळतात, आणि त्यांतून कान घडतो. प्रारंभी तो मानेशी, पुष्कळ खाली असतो. जबडा वाढत जातो तसा तो वर सरकत आपल्या जागी येतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याला मोठ्या माणसाच्या कानाचे रूप आलेले असते. आतला कान, म्हणजे प्रत्यक्ष ऐकणारा शंखासारखा भाग, मात्र निराळ्याच ठिकाणाहून, निराळ्याच पेशींपासून तयार होतो. ही गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे. पुढे तिचा उपयोग आहे.

थोडक्यात, बाळाचा कान म्हणजे जन्मापूर्वी घडलेल्या हकिगतीची एक वही आहे. ती वाचता आली पाहिजे, आणि वेळेवर वाचली पाहिजे.

पहिले पान वयाचे. आता आपण सर्वांनी एक गोष्ट करावी. आपल्या कानाचा वरचा काठ बोटाने पुढे दुमडा आणि सोडून द्या. पाहा, ताडकन जागेवर आला! (मागच्या रांगेत शेजाऱ्याचा कान दुमडण्याचे कारण नाही.) कानात कूर्चा आहे, म्हणून तो असा परत येतो. फार लवकर जन्मलेल्या बाळात ही कूर्चा जवळजवळ नसतेच. त्याचा कान चपटा असतो, दुमडला तर दुमडलेलाच राहतो. त्याहून थोडे मोठे बाळ असेल तर कान सावकाश उलगडतो. दिवस भरलेल्या बाळाचा कान घट्ट असतो आणि तत्काळ उसळतो. जीन बॅलर्ड ह्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९७९ साली बाळाची अंगलक्षणे पाहून गर्भवय ठरवण्याची जी गुणपद्धती दिली आणि १९९१ साली सुधारली, तिच्यात कानाच्या ह्या उसळीला गुण आहेत. एकट्या कानावर वय ठरवत नाहीत. त्वचा, तळव्याच्या रेषा, हातापायांचा ताठपणा हेही पाहतात.

ह्याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. आपल्याकडे अजूनही "शेवटची पाळी कधी आली होती?" ह्या प्रश्नाला "होळीच्या पुढेमागे" असे उत्तर देणाऱ्या बाया येतात, आणि पोटावरून काढलेला सोनोग्राफीचा कागद घरी राहिलेला असतो. समोर पावणेदोन किलोचे बाळ असते. ते लवकर जन्मले म्हणून लहान आहे, की पोटात पोषण मिळाले नाही म्हणून लहान आहे? दोन्हींची काळजी वेगळी, धोके वेगळे. अशा वेळी त्या इवल्याशा कानाची उसळी डॉक्टरला दिशा दाखवते.

दुसरे पान जागेचे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या कोपऱ्यावरून एक दोरा मागे ताणला अशी कल्पना करा. कान जिथे वर डोक्याला चिकटतो ती जागा त्या दोऱ्यावर किंवा दोऱ्याच्या वर असावी. ती स्पष्टपणे खाली असेल तर कान खाली बसला आहे असे म्हणतात. गर्भात कान खालून वर सरकतो हे आपण पाहिलेच. प्रवास अर्ध्यावर थांबला तर तो असा दिसतो. पण घाई करू नये. प्रसूतीच्या वाटेत दबून बाळाचे डोके लांबट झालेले असते, त्यामुळेही कान खाली वाटतो. आठवड्याने पुन्हा पाहावे. आणि दुसरे, बाळाचा कान वाकडा आहे असा निकाल देण्यापूर्वी बापाची टोपी काढून पाहावी. पुष्कळ वेळा खटला तिथेच निकालात निघतो.

एकटा खाली बसलेला कान हा रोग नव्हे. पण अशा बारीकसारीक वेगळेपणाच्या खुणा एकाच बाळात तीन किंवा अधिक सापडल्या, तर हृदय, मूत्रपिंड असे आतले अवयव तपासावेत असा संकेत आहे. डाउन सिंड्रोमच्या बाळाचा कान बहुधा लहान आणि वरचा काठ खाली दुमडलेला असतो, तोही इतर लक्षणांच्या सोबतीने वाचायचा. एडिथ पॉटर ह्या शिकागोच्या विदुषीने १९४६ साली मूत्रपिंडेच नसलेल्या बाळांचे वर्णन केले. त्यांचे कान मोठे, चपटे, खाली बसलेले होते. त्याचे कारण असे, की गर्भाशयातले पाणी बव्हंशी बाळाच्या लघवीचेच असते. मूत्रपिंड नाही म्हणजे पाणी नाही, आणि पाण्याचा आधार नाही म्हणजे बाळ गर्भाशयाच्या भिंतींत दाबले जाते. आतल्या अवयवाची उणीव बाहेर कानावर अशी उमटते.

कानापुढे कधी चामखिळीसारखा कोंब दिसतो, कधी सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते. बहुतेक वेळा ह्यांनी काही बिघडत नाही. मात्र अशा बाळाची श्रवणचाचणी चुकवू नये. आणि घरात बहिरेपणा असेल, आईला गरोदरपणी मधुमेह झाला असेल किंवा आणखी काही दोष असतील, तर मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घ्यावी. तो कोंब घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने बांधून पाडण्याचा उद्योग मी पाहिला आहे. त्या कोंबात कूर्चा असते. पिकते, आणि मग आमच्याकडे येतात.

आता मी मुख्य गोष्टीकडे येतो.

वाकडा कान दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात कान पुरा घडलेला असतो, सगळे भाग असतात, पण गर्भाशयात दाबला गेल्यामुळे किंवा अन्य कारणाने दुमडलेला, टोकदार, पुढे वळलेला असतो. कधी बुगडीची जागा डोक्याच्या कातडीखाली गडप झालेली असते. हलके ओढले की बाहेर येते, सोडले की पुन्हा आत. पुढे अशा मुलाच्या कानावर चष्म्याची काडी बसत नाही. दुसऱ्या प्रकारात कानाचा एखादा भाग किंवा जवळजवळ सगळाच कान घडलेला नसतो. पहिला प्रकार म्हणजे चुरगळलेला कागद. दुसरा म्हणजे फाटलेला कागद. बोटांनी हलकेच नीट आकारात आणून पाहिला तर पहिला कान क्षणभर सुरेख दिसतो, दुसरा दिसत नाही. ही परीक्षा कोणत्याही परिचारिकेला करता येते.

चुरगळलेला कान शस्त्रावाचून सरळ होतो, पण त्याला मुदत आहे. आईच्या अंगातले इस्ट्रोजेन नावाचे द्रव्य बाळाच्या रक्तात उतरलेले असते. त्याच्या प्रभावाने नव्या बाळाची कूर्चा मेणासारखी वळते. जन्मानंतर हे द्रव्य झपाट्याने ओसरते आणि सुमारे सहा आठवड्यांत नेहमीच्या पातळीला येते. कूर्चा दिवसेंदिवस घट्ट होत जाते. जपानमधील मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ह्या काळाचा उपयोग करून, केवळ आधार आणि चिकटपट्टी ह्यांनी कान वळणावर आणल्याचे प्रसिद्ध केले. पद्धत साधी आहे. मऊ नळीत बारीक तार घालून ती कानाच्या पन्हळीत बसवायची, कातडीला सोसेल अशा वैद्यकीय पट्टीने कान त्या आकारात धरून ठेवायचा, दर काही दिवसांनी काढून कातडी लाल झाली आहे का ते पाहायचे. दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर फळ चांगले. तीन आठवड्यांनंतर कमी कमी होत जाते. काही कान आपोआपही सुधारतात, म्हणून चार-सहा दिवस थांबून पाहण्यास हरकत नसते. त्यासाठी पहिल्या दिवशी आणि सातव्या दिवशी मोबाईलवर दोन्ही कानांचे फोटो काढून ठेवा. जावळाचे पन्नास फोटो काढता, त्यांत दोन कानांचे.

एका आजींनी मला सुनावले होते, "डॉक्टर, ह्यात काय नवल? आमची सुईण नाक-डोके मालिशीने वळणावर आणायची." मी म्हटले, "आजी, सुईणीचे निदान बरोबर होते. बाळ मऊ असते हे तिला ठाऊक होते. पण तिचा हात दिवसातून दहा मिनिटे, आणि कानाला रात्रंदिवस धरून ठेवावे लागते." त्या हसल्या. त्या नातवाला दहाव्या दिवशी आधार बसवला होता. महिन्याभरात कान चारचौघांसारखा झाला. तेच बाळ पाचव्या महिन्यात आले असते तर मी पाच-सहा वर्षे थांबा आणि मग शस्त्रक्रिया करा, ह्याशिवाय दुसरे काही सांगू शकलो नसतो.

हे दिवस वाया का जातात? अज्ञान हे एक कारण. पण मला दिसते ते मोठे कारण म्हणजे लाज. कान वाकडा दिसला की तो कुंचीखाली जातो, आणि घरात चौकशी सुरू होते ती कानाची नव्हे, आईची. ग्रहण पाळले होते का? काही चिरले का? सुई-दोरा हातात घेतला होता का?

अशी एक बाई माझ्याकडे आली होती. मुलगा चार वर्षांचा. उजवा कान जवळजवळ नव्हताच. शेंगदाण्याएवढी एक गाठ आणि खाली पाळीचा तुकडा, भोक बंद. डावा कान अगदी सुरेख. केस वाढवून उजवी बाजू झाकली होती. सासूबाई बरोबर होत्या. त्यांनी आत येताच सांगितले, "सातव्या महिन्यात ग्रहणात हिने भोपळा चिरला." सून खाली मान घालून उभी. मी विचारले, "सातव्या महिन्यात? आजी, कान तर पाचव्यातच होऊन जातो. झालेला कान भोपळा चिरून कसा जाईल?" शिवाय ग्रहण काही एकाच घरावर लागत नाही. सगळ्या जिल्ह्यावर लागते, आणि त्या दिवशी जिल्ह्यातल्या कितीतरी गरोदर बायांनी भाजी चिरलेली असते.

पण मी त्या प्रसंगाची आठवण सांगतो ती ग्रहणासाठी नव्हे. आईने मुलाला कशासाठी आणले होते? बालवाडीच्या बाईंनी तो मठ्ठ आहे असे कळवले होते. हाक मारली तर पाहत नाही, बोलणे अस्पष्ट. आम्ही दोन्ही कानांची चाचणी केली. डावा, तो सुरेख दिसणारा कान, तोही कमी ऐकत होता. चार वर्षे सारे घर नसलेल्या कानासाठी रडले, आणि असलेला कान कुणी तपासलाच नाही. त्या मुलाला श्रवणयंत्र मिळाले, शिकवणी मिळाली, तो बोलू लागला. पण भाषा शिकण्याची जी पहिली वर्षे होती, ती गेली ती गेलीच. त्यांतला थोडा दोष आम्हा डॉक्टरमंडळींचाही आहे. त्याच्या जन्माच्या कागदावर 'उजव्या कानात दोष' एवढेच शब्द होते. पुढे काय करायचे ते कुणी लिहिले नव्हते.

अपूर्ण कानाचे हे प्रमाण दर दहा हजार जन्मांमागे एकापासून काही थोड्यांपर्यंत आढळते. मुलग्यांत अधिक, बहुधा एकाच बाजूला, आणि त्यातही उजव्या. बहुतेक वेळा कारण सापडत नाही. आणि जिथे सापडले तिथे ते भोपळ्याहून फार वेगळे निघाले. पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध १९५७ च्या ऑक्टोबरात बाजारात आले. त्याआधीच, २५ डिसेंबर १९५६ रोजी, ते बनवणाऱ्या कंपनीच्या एका नोकराच्या घरी मुलगी जन्मली. तिला कान नव्हते. त्याने बाजारात येण्याआधीचे औषध घरी नेऊन गरोदर बायकोला दिले होते. एका बाळाचे कान नाहीत एवढ्यावरून कुणाच्या मनात काही आले नाही. १९६१ च्या नोव्हेंबरात हांबुर्गचे डॉक्टर विडुकिंड लेंझ ह्यांनी औषधाकडे बोट दाखवले आणि ते मागे घेण्यात आले, तोवर जगभर दहा हजारांच्या वर बालके हातापायांचे, कानांचे व्यंग घेऊन जन्मली होती. गर्भ राहिल्यापासून विसाव्या दिवसाच्या पुढेमागे ते औषध पोटात गेले की घाव कानावर पडत असे. पुष्कळ बायांना तोवर दिवस गेल्याचेही नक्की कळलेले नसते. आज मुरमांवर देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्याही कानाला अशाच घातक आहेत. म्हणून मी तरुण मुलींना सांगतो, मूल होण्याचा विचार असेल तर अशी गोळी घेण्याआधी डॉक्टरला विचारा.

आतला कान वेगळ्या ठिकाणाहून घडतो, हे मी प्रारंभी लक्षात ठेवायला सांगितले होते. त्याचा अर्थ असा, की भोक बंद असलेल्या कानाच्या आत ऐकणारा शंख बहुधा शाबूत असतो. आवाजाची वाट तेवढी बंद असते. दोन्ही बाजूंची भोके बंद असली तरी डोक्याभोवती मऊ पट्टा बांधून, हाडातून आवाज पोचवणारे यंत्र काही महिन्यांच्या बाळालाही लावता येते. बाहेरचा कान बरगडीच्या कूर्चेतून कोरून बसवण्याची कला रॅडफर्ड टँझर ह्या अमेरिकन शल्यविशारदाने १९५९ साली प्रसिद्ध केली; पुढे अनेकांनी ती वाढवली. त्यासाठी मात्र मूल सहा ते दहा वर्षांचे होईपर्यंत थांबावे लागते, कारण बरगडी तेवढी मोठी व्हावी लागते. रूपासाठी दहा वर्षे थांबता येते. ऐकण्यासाठी थांबता येत नाही.

आणि ह्याच्या उलटही खरे आहे. बाहेरचा कान देखणा आहे म्हणून आतला ऐकतो असे नव्हे. हजार बाळांत एक ते तीन बाळे जन्मतः बहिरी किंवा कमी ऐकणारी असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचे कान पाहायला निर्दोष असतात. ताटली वाजवून पाहणे ही परीक्षा नव्हे; बाळ ताटलीच्या वाऱ्याने, सावलीने, आईच्या दचकण्यानेही दचकते. लंडनच्या डेव्हिड केम्प ह्यांनी १९७८ साली एक विलक्षण गोष्ट दाखवली. निरोगी आतला कान आवाज ऐकतोच, शिवाय स्वतःही अगदी क्षीण आवाज परत पाठवतो. झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून तो प्रतिध्वनी काही मिनिटांत टिपता येतो. भोक बंद असेल, किंवा बाळ अतिदक्षता विभागात राहिलेले असेल, तर मेंदूपर्यंतचा मार्ग तपासणारी, 'बेरा' म्हणतात ती चाचणी करतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार असा जगभर मान्य झालेला हिशोब आहे. मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून ह्याच कामात आहे, आणि २०१३ साली आपल्याच पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. म्हणजे ही मोठ्या शहरातल्या श्रीमंताची चैन नाही. मागितली पाहिजे.

राहिले घरातले दोन-तीन प्रश्न, जे मला व्याख्यानानंतर जिन्यात विचारले जाणारच आहेत, तेव्हा इथेच उत्तर देऊन टाकतो. कानात तेल घालू नये; कोमट नाही, लसणीचेही नाही. बाळाचा कान मळ स्वतः बाहेर टाकतो. टोपडे बांधताना कान आत दुमडलेला नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे, आणि बाळाला एकाच कुशीवर सदा निजवू नये. कान टोचण्याबद्दल म्हणाल, तर आपल्याकडे बाराव्या दिवशी टोचण्याची चाल पुष्कळ घरांत आहे, आणि सुश्रुताने सहावा-सातवा महिना सांगितला आहे. सुश्रुताचे थोडे अधिक ऐकायला काय हरकत आहे? टोचायचे ते निर्जंतुक सुईने, आणि फक्त खालच्या पाळीला. बुगडीच्या जागी कूर्चा आहे, ती पिकली तर कानाचा आकारच जातो. ज्या बाळाचा कान अपूर्ण आहे, त्याची ती उरलेली पाळी मात्र मुळीच टोचू नका. पुढे नवा कान करताना शल्यविशारद तीच पाळी वापरतात; तिच्यावर जितके व्रण कमी तितके त्याचे काम सोपे.